दोन महिन्यांचं पिल्लू रात्रभर क्रेटमध्ये रडतं, काय करू? (कासारवडवली, ठाणे)

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, घरात कोणाचीच झोप होत नाहीये. आमच्या बिल्डिंगच्या मागे बांधकामाची साइट आहे, तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि आता तिथे खोदकाम सुरू होणार म्हणून वॉचमनकाकांनी ज्याला हवं त्याला एकेक पिल्लू दिलं, त्यातलं एक आमच्याकडे आलं. नाव चिंगी. दोन महिन्यांची असेल अंदाजे. दिवसभर इतकी गुणी की काय सांगू, खाते, खेळते, पायात घुटमळते, जागा मिळेल तिथे आडवी होऊन झोपते. पण रात्री ११ ला लाइट बंद करून हॉलमध्ये क्रेटमध्ये (जाळीचा पिंजरा) ठेवली की जे सुरू होतं ते थांबतच नाही, आधी कुंईकुंई, मग दारावर पंजे, मग मान वर करून आक्रोश. ऐकवत नाही हो.

प्रॉब्लेम असा की वन बीएचके आहे, चौदावा मजला, शेजारी तान्हं बाळ आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "रात्री कुत्र्याचा आवाज कोणाकडून येतोय" असा मेसेज पडलाच. मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट, ते पहाटे पाचला उठतात, त्यांचं म्हणणं रडू दे, रडून रडून सवय लागेल. सासूबाई म्हणतात आईपासून तोडलेलं लेकरू आणि वर पिंजऱ्यात कोंडता, मग त्या उठून तिला आपल्या पांघरुणात घेतात, ती दोन मिनिटांत झोपते, पण सकाळी गादी ओली. या पावसात गादी वाळवायची कुठे?

क्रेट ऑनलाइन मागवलाय, ४२ इंची, म्हटलं मोठी झाली तरी पुरेल. रात्री साडेनऊला पोटभर दूध-पोळी देते म्हणजे भुकेने उठायला नको. तर रडू द्यायचं का? क्रेट कुठे ठेवायचा? की क्रेटचा नादच सोडू? पहिलंच पिल्लू आहे आमचं, जे काय असेल ते सविस्तर सांगा.

सीवूड्सवाला

ताई, क्रेटचा नाद सोडू नका, पण हॉलचा सोडा. तुमच्या सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. पांघरुणात घेतल्यावर ती दोन मिनिटांत झोपते म्हणजे तिला क्रेटचा त्रास नाहीये, एकटेपणाचा आहे. आत्ताआत्तापर्यंत ती भावंडांच्या ढिगात आईच्या पोटाला चिकटून झोपत होती. एवढंसं पिल्लू एकटं पडलं की आईला हाक मारतं, आणि आई येईपर्यंत आवाज वाढवत जातं, त्याच्या जिवासाठी ते गरजेचंच असतं. त्यात हट्ट काही नाही.

म्हणून आज रात्री क्रेट उचलून बेडरूममध्ये आणा, पलंगाला लागून, तिला तुमचा श्वास ऐकू येईल आणि तुमचा वास येईल इतका जवळ. पलंग उंच असेल तर भक्कम स्टूल किंवा टीपॉयवर ठेवा, पण हलणार नाही घसरणार नाही याची खात्री करून. कुंईकुंई सुरू झाली की नुसती बोटं जाळीला लावायची, बोलायचं नाही, लाइट लावायचा नाही. बहुतेक वेळा बोटं चाटते आणि परत मुटकुळं करून पडते. गादीत घ्यायची गरज पडत नाही आणि सासूबाईंच्याही जिवाला लागत नाही.

दुसरं, ४२ इंची क्रेट हा लॅबच्या, म्हणजे लॅब्रॅडॉरच्या मापाचा झाला. आपल्या देशी कुत्र्याला मोठेपणीही साधारण ३६ इंच पुरतो. आत्ताच्या चिंगीला त्यात एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपता येतं, मग ती धरून कशाला ठेवेल? पिल्लं झोपायची जागा सहसा घाण करत नाहीत, पण जागा लहान असेल तरच. क्रेटबरोबर जाळीचं पार्टिशन आलं असेल तर ते लावून फक्त उभं राहता येईल, गोल फिरता येईल आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवा, ती वाढेल तसं सरकवत जायचं. पार्टिशन नसेल तर मागच्या बाजूला मजबूत खोका घट्ट बसवा, फक्त ती तो कुरतडून गिळत नाही ना यावर लक्ष ठेवा.

आत फोमची गादी घालूच नका, जुलैत ती वाळणार नाही आणि वास बसला की ती जागा तिला शू करायचीच वाटेल. जुन्या सुती साड्या किंवा टॉवेलच्या घड्या घाला, ओल्या झाल्या की मशीनला टाकल्या, पंख्याखाली वाळतात. दोरे सुटलेलं काही नको, गिळलं तर आतड्यात अडकतं.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्यासारख्यांना मिळत नाही, तिची आई तिथेच मागे साइटवर आहे! एक जुना सुती पंचा घेऊन वॉचमनकाकांना सांगा, आईच्या अंगाखाली एखाद-दोन दिवस राहू द्या, त्यांना ती ओळखते. तो पंचा न धुता क्रेटमध्ये ठेवायचा. आधी झटकून गोचीड-पिसवा नीट बघा म्हणजे झालं. आईच्या वासाने पिल्लू शांत होतं.

आता शू. ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तितके तास पिल्लू धरू शकतं. म्हणजे चिंगीचे तीन तास, झोपेत थोडं जास्त. रात्री ११ ते सकाळी ७ तिच्याकडून मागणं म्हणजे जे तिच्या शरीराला जमतच नाही ते मागणं. त्यामुळे ११ ला शू करवून झोपवा, २ चा अलार्म लावा, आणि पाचला तुमचे मिस्टर उठतातच तर ती पाळी त्यांची. अलार्म तिच्या रडण्याच्या आधी वाजला पाहिजे हे महत्त्वाचं. ती रडल्यावर दार उघडलं की रडलं की दार उघडतं हे ती शिकते, ती झोपेत असताना तुम्ही उठवून नेलं तर ते शिकतच नाही. पाच-सहा रात्री कोरडी राहिली की २ चा अलार्म पंधरा-वीस मिनिटं पुढे, परत थोडं पुढे, असं करत साधारण चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं जवळजवळ सगळी रात्र काढतात.

आणि रात्रीची ती फेरी एकदम कंटाळवाणी हवी. उचलायचं, शूच्या जागी ठेवायचं, झाली की हळू आवाजात शाबास, परत आत. खेळणं नाही, मुके नाहीत, मोबाईलचा टॉर्च तोंडावर नाही. चार-पाच मिनिटांत केली नाही तर परत क्रेटमध्ये, थोड्या वेळाने पुन्हा.

खारघरचा_लॅब

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. आम्ही आमच्या लॅबला हॉलमध्येच ठेवला आणि रडू दिला, आमच्या वडिलांचं तेच म्हणणं होतं. काही रात्रींनी बंद झाला रडायचा. आज मस्त मोठा झालाय. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही, फक्त शेजारी बाळ आहे त्यामुळे तुम्हाला ते परवडणार नाही.

पांचपाखाडी_व्हेटवाली

मी एका व्हेटकडे (प्राण्यांचे डॉक्टर) असिस्टंट आहे, स्वतः डॉक्टर नाही, पण रोज पिल्लं हाताळते म्हणून कळकळीने सांगते. खारघरवाल्या दादांचा लॅब नशीबवान निघाला. पण गप्प झालं म्हणजे शांत झालं असं नसतं. रडून थकून झोपलेल्या पिल्लाचा क्रेट सकाळी बघा, लाळेने पुढचे पंजे ओले, त्यातच शी-शू झालेली, कधी जाळी चावून हिरड्यातून रक्त, कधी नख तुटलेलं. आणि पुढे तेच पिल्लू दिवसासुद्धा क्रेट बघून पलंगाखाली पळतं. एकदा क्रेटची भीती बसली की घालवायला फार वेळ लागतो. त्यामुळे रडू देऊ नका, पण प्रत्येक आवाजाला उचलूही नका. आवाज ऐकायला शिका. कुरकुर, मग थांबते, मग सुस्कारा, मग परत थोडी कुरकुर, ही झोप लागतानाची कुरकुर, त्याला बोटं पुरतात. पण झोपलेली अचानक उठली, गोल फिरतेय, कोपरा हुंगतेय, आवाज एकदम चढा आणि न थांबणारा, तर ती सांगतेय की लागली आहे, तेव्हा ताबडतोब न्यायचं, वाट बघायची नाही.

आता दुधाबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या घरातलं अर्धं रडणं तिथून येतंय. पिल्लांना गाई-म्हशीचं दूध बऱ्याचदा पचत नाही, त्यातली साखर पचवणारं रसायन आईचं दूध सुटत जातं तसं कमी होत जातं. साडेनऊला दूध-पोळी म्हणजे दीड-दोन वाजता पोटात गुडगुड आणि पातळ शी. त्या वेळी ती रडणारच, तिला क्रेटमध्ये करायची नाहीये म्हणूनच रडणार. दूध बंद करा. दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत वाटून द्या, पिल्लांचं तयार खाणं नाहीतर मऊ भात आणि उकडलेलं चिकन किंवा अंडं, मीठ-तिखट-कांदा-लसूण नाही, मनुका-बेदाणे तर चुकूनही नाहीत. रात्रीचं शेवटचं खाणं साडेसात-आठपर्यंत संपवा. पाणी मात्र दिवसभर भरपूर, आपल्याकडच्या दमट हवेत पिल्लाचं पाणी तोडू नये, फक्त झोपायच्या तास-दीड तास आधी वाटी उचलली तरी पुरे, आणि ११ ला तहानलेली वाटली तर दोन-चार घोट द्यायचेच.

वय नक्की बघून घ्या. तोंड उघडून बघा, पुढचे बारीक दात आणि सुळे तीन-चार आठवड्यांत येतात पण दुधाच्या दाढा पूर्ण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, सगळे मिळून २८. मागे दाढा दिसत नसतील तर ती तुम्ही समजता त्यापेक्षा लहान आहे, मग रात्री तीन तास सुद्धा जास्त आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या विक्रीच्या २०१७ च्या नियमांत बंदी आहे ती उगाच नाही, तोवर आईजवळ राहणं गरजेचं असतं. तुमचा नाइलाज होता, साइटवर खोदकाम सुरू होणार होतं, पण त्यामुळेच तिला थोडी जास्त जवळीक लागेल हे धरून चला.

जंताचं औषध दिलंय का? रस्त्यावरच्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच असं समजा, फुगलेलं पोट आणि रात्रीची बेचैनी त्याचीही असते. तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, डोस वजनावर, व्हेटकडूनच घ्या. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, साधारण १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांना. लसीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरलेली आहे ना हे विचारा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून तो येतो आणि माणसालाही होतो. कोर्स पूर्ण होईपर्यंत रात्री शूसाठी खाली कंपाउंडमध्ये नेऊ नका, पार्व्होचा (पिल्लांचा जीवघेणा उलटी-जुलाबाचा आजार) विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उचलून कडेवर घेऊन खिडकीतून, लॉबीतून जग दाखवा, ते मात्र याच वयात झालं पाहिजे. आणि उलट्या, रक्ताची शी, मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर ट्रेनिंग-बिनिंग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. सारखीसारखी थेंबथेंब शू करत असेल तरी दाखवा, लघवीचं इन्फेक्शन असेल तर क्रेट ट्रेनिंग कितीही करा, उपयोग नाही.

खारघरचा_लॅब

पटलं ताई. लाळेचं वाचून आठवलं, त्याचे पंजे सकाळी चिकट असायचे खरे. आमच्याकडे ज्याचा खरंच फरक पडला ते सांगतो, दिवसाची झोप. संध्याकाळी सात-आठ वाजता तो वेड लागल्यासारखा सोफ्यावरून उड्या, पँट धरून ओढणं, चावणं, आम्हाला वाटायचं अजून एनर्जी आहे म्हणून आणखी खेळवायचो आणि रात्री अजून जास्त गोंधळ. मग कळलं की एवढंसं पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं आणि झोप राहिली की लहान बाळासारखंच किरकिर करतं. तासभर जागी राहिली की तिला क्रेटमध्ये झोपवा, दिवसासुद्धा, दार उघडं ठेवून, शेजारी कोणीतरी बसून. म्हणजे क्रेट ही फक्त रात्रीची जागा राहत नाही.

चिंगीची_आई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सासूबाईंना वाचून दाखवलं. दाढा दिसतात मागे, म्हणजे आठ आठवड्यांच्या आसपासची आहे. दूध बंद केलंय. वॉचमनकाकांकडे पंचा दिलाय. क्रेट पलंगाला लावला, मिस्टर आधी कुरकुरले की खोलीत वास येईल, पण तेच काल रात्री जाळीला बोटं लावून झोपले. रडली, पण आक्रोश नाही केला.

अडचण दोन. एक, व्हेटवाल्या ताई म्हणतात खाली न्यायचं नाही, मग शू कुठे? आमच्याकडे मोठी गॅलरी नाही, फक्त ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन. आणि दुसरी, दिवसा ती क्रेटमध्ये स्वतःहून जातच नाही, उचलून ठेवावं लागतं. आणि हो, ग्रुपवर आज परत विषय निघाला, एकांनी लिहिलं की सोसायटीत कुत्रं ठेवायला परमिशन लागते. लागते का?

ऐरोलीकर

सोसायटीचं मी सांगतो, आमच्याकडे यावर बऱ्याच मीटिंगा झाल्यात. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, ठराव करून सुद्धा नाही, भुंकतो हे कारण देऊनही नाही, आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. त्याची प्रिंट सेक्रेटरींना नेऊन द्या, शांतपणे. महापालिकेचं लायसन्स मात्र काढावं लागतं, रेबीजच्या लसीचा दाखला लागेल म्हणून लस झाली की लगेच काढून टाका.

पण त्याच सूचनांत हेही लिहिलंय की मालकांनी, विशेषतः रात्री, आवाज होऊ नये म्हणून होईल तेवढे प्रयत्न करावेत. म्हणून ग्रुपवर नियम टाकायच्या आधी शेजाऱ्यांच्या दारावर जा, चिंगीला कडेवर घेऊन. सांगा की दोन महिन्यांची आहे, शिकवतोय, थोडे दिवस सांभाळून घ्या, बाळ कोणत्या बाजूच्या खोलीत झोपतं ते विचारा आणि क्रेट त्या भिंतीपासून लांबच्या बाजूला लावा. तान्हं बाळ असलेल्या आईला रात्रीचं रडणं काय असतं हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, बोललात तर समजून घेतील. आमच्या मजल्यावर ज्यांनी पहिली तक्रार केली होती त्याच काकू आता आम्ही गावी गेलो की बाऊल भरतात.

सीवूड्सवाला

शूसाठी ड्राय बाल्कनी चालेल की, फक्त मशीनच्या वायरी आणि साबणाची पावडर तिच्या तोंडाला लागणार नाही अशी उचला. प्लास्टिकचा मोठा उथळ ट्रे, त्यावर आर्टिफिशियल गवताची चटई, खाली वर्तमानपत्र. नर्सरीतून खऱ्या लॉनचा तुकडा मिळाला तर आणखी चांगलं, पुढे खाली गवतावर करायला सोपं जातं. पहिल्या दिवशी तिच्या शूने भिजलेला कागदाचा तुकडा त्यावर ठेवा म्हणजे जागा कळते. घरात इतरत्र झाली तर फिनेलने पुसू नका, ती जमीन चाटते आणि फिनेल पोटात जाणं वाईट. अमोनियावालंही नको, त्याचा वास शूसारखाच वाटतो. साधा पांढरा व्हिनेगर पाण्यात घालून पुसा नाहीतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं मिळतं ते.

क्रेटमध्ये स्वतःहून जाण्यासाठी तिची सगळी जेवणं आत द्या, दार सताड उघडं. आधी वाटी दाराशीच, मग दर वेळी थोडी आत, शेवटी पार मागे. ती आत खात असताना दाराला हात लावू नका. आरामात आत जाऊन खायला लागली की खाताना दार नुसतं लोटा, संपायच्या आत उघडा. मग खाऊन झाल्यावर थोडं थांबून. रबरी खेळण्यात दही भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुपारच्या झोपेआधी आत द्या, चाटता चाटता डोळे मिटतात. दही थोडंच, पोट बघून. आणि मधूनच ती नसताना आत दोन-तीन दाणे टाकून ठेवा, तिला सापडू द्या. चिडून कधीही आत टाकायची नाही, काहीही फाडलं तरी.

आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, हे सांगायचं राहिलं होतं. जाळीत अडकून फास बसतो.

चिंगीची_आई

पट्टा काढला लगेच. नर्सरी वाघबीळच्या पुढे आहे तिकडे उद्या जाते. एकच शेवटचं, क्रेटवर चादर टाकायची का? मैत्रीण म्हणते अंधार केला की झोपतात. आणि हॉलमध्ये परत कधी न्यायचा?

पांचपाखाडी_व्हेटवाली

चादर टाकली तर पातळ सुती, वरून आणि दोन बाजूंनी, तुमच्याकडची बाजू आणि पंख्याकडची बाजू उघडी. आत हात घालून बघा, कोंदट गरम लागलं तर काढून टाका. जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तर तिला उकडतंय, रडण्याचं ते पण कारण असतं. लाइट गेली तर चादर काढायचीच. एसी लावत असाल तर थेट झोत तिच्यावर नको.

हॉलची घाई करू नका. शू न होता सलग रात्री जायला लागल्या आणि ती रात्री स्वतःहून क्रेटमध्ये जाऊन पडायला लागली की क्रेट पलंगापासून हातभर लांब, काही दिवसांनी खोलीच्या दाराशी, मग दाराबाहेर, मग हॉल. एखाद्या टप्प्याला परत रडायला लागली तर एक पाऊल मागे घ्यायचं, तिथे थोडे जास्त दिवस. खोलीतच ठेवायचा असेल कायमचा तरी काही बिघडत नाही. आणि दिवाळीच्या आत खोलीतून हलवू नका, पहिल्यांदा फटाके ऐकेल तेव्हा ती तुमच्या जवळ असलेली बरी.

सीवूड्सवाला

पंचा आईच्या अंगाखालचा मिळाला की अर्धा कापून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा ताई. पहिला तुकडा शू होऊन धुवायला गेला तर दुसरा हाताशी असेल, साइटवर खोदकाम सुरू झाल्यावर परत मिळणार नाही.